दोन ओळी खऱ्या, तिसरी थाप: फळ्यावरचा दिनविशेष असा लिहायचा

आमच्या पेठेत तालमीच्या बाहेर फळा आहे, पूर्वी त्यावर निधनवार्ता आणि वर्गणी राहिलेल्यांची नावं असायची, आता रोज सकाळी मी दिनविशेष लिहितो, दोन ओळी खऱ्या विज्ञानाच्या आणि तिसरी शुद्ध थाप. बरीच पोरं विचारतात कसं जमवतोस, म्हणून सांगतो.

आधी तारीख. फॉरवर्ड आला की तसाच उतरवायचा नाही. मी उतरवला होता, 28 फेब्रुवारीला 'आज सी. व्ही. रामन यांची जयंती' असं ठोकून दिलं, आठ वाजता एक रिटायर्ड सर भाजीची पिशवी घेऊन थांबले, म्हणाले, "बाळ, जयंती 7 नोव्हेंबरला, साल 1888. आजचा दिवस शोधाचा, 1928 चा." आणि स्वतःच्या रुमालानं पुसलं की हो! तेव्हापासून प्रत्येक तारखेला विचारतो, बाबा तू जन्माची का शोधाची.

18 ऑगस्टला तर हमखास मेसेज येतो की इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनं विजयदुर्गावरनं हेलियम वायू शोधला. तसं नाही ते. 18 ऑगस्ट 1868 चं ते खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेननं आंध्रातल्या गुंटूरहून बघितलं, लॉकियर इंग्लंडातच होता, सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ त्यानं तिथूनच ऑक्टोबरात बघितली, तेही ग्रहण नसताना. विजयदुर्गावर तो आला खरा, पण 1898 च्या ग्रहणाला. एवढं भारी असताना त्या दिवशी थाप मारायचीच कशाला, मी नाही मारत.

आता थाप. खऱ्या माणसाच्या तोंडी खोटं वाक्य घालायचं नाही, थाप म्हशीवर नाहीतर रश्श्यावर टाकायची, ती काय तक्रार करत नाहीत. आणि ती खऱ्या विज्ञानालाच टांगलेली पाहिजे. रामन यांना काय दिसलं, तर द्रवातनं विखुरलेल्या प्रकाशातल्या थोड्याशा भागाचा रंग बदलतो. म्हणून पुढच्या वर्षी मी लिहिलं, 'याच दिवशी कोल्हापुरात एका आचाऱ्यानं पांढऱ्या रश्श्यातनं बॅटरी मारली, उजेड तांबडा होऊन बाहेर आला.' सर परत थांबले, मला वाटलं झालं आता, तर म्हणाले, "बदललेला प्रकाश बहुतेक तांबड्याकडंच सरकतो रे, चुकून बरोबर लिहिलंस." नाद खुळा!

19 जुलैचा फळा माझा सगळ्यात लाडका, तो आख्खा देतो:
1938: जयंत नारळीकर यांचा जन्म, आपल्या कोल्हापुरात.
पुढं इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, स्थिर विश्वाची, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही नि शेवट नाही या मताची, बाजू लावून धरली.
त्याच दिवशी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरची एक म्हैस स्थिर विश्वाच्या बाजूनं उभी राहिली, अंधार पडेपर्यंत हालली नाही.

खरं पांढऱ्या खडूनं, थाप तांबड्या खडूनं, एवढं मात्र पाळा, कारण लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि मग निस्तरायला आपणच.

तरी घोळ होतोच. मेच्या पहिल्या आठवड्यात लिहिलं, 'आज दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर, सरळ उभ्या वस्तूची सावली गायब.' पांढऱ्या खडूनं, वर्षातनं दोनदा होतं आपल्याकडं. तर सगळी पेठ म्हणे आज थाप जमली नाही. समोरच्या पानपट्टीवाल्या मामांनी शंभरची पैज लावली. साडेबाराला पाण्याची बाटली रस्त्यात मधोमध उभी केली, सावली आकसत आकसत बाटलीखाली गेली, मामा दोनदा वाकून बघून आले, बाटली उचलून खाली बघितलं. शंभर रुपये दिले नाहीत, पण पान फुकट मिळालं.