'अनदर' कुठनं सुरू करायचं

बेळगावात, खानापुरात बरीच पोरं विचारतात, 'अनदर' या जपानी भयरहस्य कथेचं आधी ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) बघू का पुस्तक वाचू? आधी पुस्तकच वाचा. युकितो आयात्सुजींची ही कादंबरी २००९ची, इंग्रजीत मिळते. जपानी माध्यमिक शाळेतली तिसऱ्या वर्षाची तुकडी ३, डोळ्याला पट्टी बांधलेली मेई मिसाकी, तिच्याकडं वर्गातलं कोणीच बघत नाही, आणि वर्गात नवीन आलेला कोइची सोडून बाकी सगळ्यांना ते का हे ठाऊक आहे. खरं रहस्य लेखकानं नुसत्या सांगण्याच्या पद्धतीत लपवलंय, पडद्यावर चेहरा दिसतो आवाज ऐकू येतो म्हणून तिथं तेच लपवणं लई अवघड जातं, म्हणून हा क्रम मोडू नका.

वाचताना वहीत नावं आणि नाती लिहून ठेवा, जपानी नावं पटकन डोक्यात बसत नाहीत. कथा १९९८ मधली, ज्यातनं हे सगळं सुरू झालं ती घटना २६ वर्षं आधीची, ही दोन सालं पहिल्या पानावरच लिहा.

मग चित्रकार हिरो कियोहाराची मांगा (जपानी चित्रकथा), चित्रं फार सुंदर. त्यानंतर २०१२चं १२ भागांचं ॲनिमे, पावसाळ्यात रात्री हेडफोन लावूनच बघा, मात्र त्यात रक्तपात जास्त आहे, घरातल्या बारक्या पोरांसमोर नको. त्याच वर्षीचा सिनेमा शेवटी, वेळ असला तरच.