सीझर की सेझर?

फ्रेंच शिकायला फ्रान्सला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. व्हिसा, कँपस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची प्रवेशासाठीची मुलाखत, बॅगेत मसाले किती कोंबायचे, हे तुम्हाला ठाऊकच असणार. त्यातली एकच गोष्ट सांगते: लाँग स्टे व्हिसा, आपण फ्रान्सला पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत, ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो. पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

पुण्यात मी फ्रेंचची बी-2 पातळीची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले होते. तूर शहर निवडलं, कारण जो तो म्हणायचा की तिथलं फ्रेंच सगळ्यांत शुद्ध. तिथल्या बेकरीवालीला हे कुणी कळवलेलं नसावं. पुस्तकातलं 'ज न से पा' (मला माहीत नाही) तिच्या तोंडून 'शे पा' होऊन यायचं आणि 'इल इ आ'चं (अमुक आहे) नुसतं 'या' उरायचं. पंधरा दिवस मी मुकी होते. हे सगळ्यांचंच होतं, खरंच. दोन-तीन महिन्यांत कान उघडतात.

पण तोवर एक सवय लागते आणि तिनेच माझा घात केला. समजलं नाही तरी मान डोलवून 'वी, वी, दाकोर', म्हणजे हो, हो, ठीक आहे, म्हणायचं. समोरचा वैतागू नये, आपण बावळट दिसू नये म्हणून. सासरच्या माणसांसमोर नव्या सुनेने म्हणावं तसं हो, हो.

मी हॉस्टेलमध्ये रोजचे पैसे मोजत खोली शोधत होते. एका बाईंचा फोन आला. खोली विद्यापीठाजवळ, भाडं परवडणारं. उद्या बघायला ये म्हणाल्या, वेळ सांगितली. मला ऐकू आलं 'सीझर', म्हणजे सहा वाजता. मी म्हटलं दाकोर. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधी, केस विंचरून, कागदांची फाइल घेऊन दारात उभी. बाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या म्हणाल्या होत्या 'सेझर'. सोळा वाजता, म्हणजे दुपारी चार. साडेचारला दुसरी मुलगी येऊन खोली घेऊन गेली होती. परत येताना ट्राममध्ये मी रडले. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

आता नीट ऐका, कारण हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही. सहाला 'सीस' आणि सोळाला 'सेझ' हे तुम्ही सुट्टं पाठ केलेलं असतं. पण पुढे 'अर', म्हणजे वाजता, आलं की 'सीस'चा शेवटचा 'स' 'झ' होतो. मग सीझर आणि सेझर यांत फरक उरतो एका स्वराचा. दोन आणि बारा, तीन आणि तेरा यांचंही हेच. त्यात वेळ ठरवताना ती माणसं सर्रास चोवीस तासांचं घड्याळ वापरतात. आपल्या डोक्यात 'दुपारचे चार' असतात, सोळा नसतातच. परीक्षेत काही ऑडिओ दोनदा वाजतो. फोनवरची बाई दोनदा वाजत नाही.

यावर उपाय म्हणजे वेळ दुसऱ्या शब्दांत उलटी विचारायची: 'दोंक, कात्र अर द लाप्रे-मिदी?' म्हणजे दुपारी चार ना? तोच शब्द परत म्हणून काही उपयोग नाही, तुमचा उच्चारही तितकाच घोटाळ्याचा असतो. आणि शेवटी मेसेज करायला सांगायचं. कुणी हसत नाही. हसलं तर हसू दे, खोली तर मिळेल.

फोन नंबर ते दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. मी 4 लिहीपर्यंत पुढची जोडी आलेली असायची. मग आजी आठवली, ती ऐंशीला 'चार विसा' म्हणायची. तेव्हापासून ऐंशी-नव्वदची भीती गेली. सत्तरची अजून आहे.

तीन महिन्यांत अस्खलित बोलायला शिकवणारे व्हिडिओ बघू नका. बघायचेच तर जेवताना बघा. हजारो रुपये घेऊन फॉर्म भरून देणारे सल्लागारही मला पटत नाहीत, जो माणूस स्वतः तिथे राहिला नाही त्याला सेझर कुठून माहीत असणार? सीनियरांचं ऐका, पण त्यांच्यासोबत एका फ्लॅटमध्ये राहू नका. मी नंतर पाच महिने राहिले आणि माझी हिंदी सुधारली. तरी ताप आला तेव्हा पेज त्याच मुलींनी करून दिली, तेव्हा हेही पूर्ण खरं मानू नका.

घरमालकाने जामीनदार मागितला तर 'व्हिसाल' ही योजना भाड्याची फुकट हमी देते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. काम वर्षाला 964 तासांपर्यंत करता येतं. पण पहिल्या सत्रात नको, झेपत नाही. दुकानात शिरताच आधी 'बाँझूर', मग काय हवं ते. त्याशिवाय विचारलंत तर थंड नजर मिळते, आणि ती वर्णद्वेषाची असेलच असं नाही. रविवारी दुपारनंतर बरंच बंद असतं, भाजी शनिवारीच आणा. मसूर डाळ 'लांतीय कोराय' नावाने कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, ती भारतातून नेऊ नका. गोडा मसाला मात्र न्या.

खोली शेवटी मिळाली, नदीपलीकडे. ती बघायला मला 'व्हँतर'ला, म्हणजे वीस वाजता, बोलावलं होतं. मी तिथल्या तिथे विचारलं, 'रात्री आठ ना?' पलीकडून एक आजोबा सावकाश म्हणाले, 'वी, मादम्वाझेल, आठ.'