छोट्या वस्तीची शाळा चांगली व्हायची असेल, तर या चुका टाळा

पंचवीस-तीस मुलांची शाळा बिघडते तेव्हा लोक पट कमी असल्याचं सांगतात, खोल्या नसल्याचं सांगतात, शिक्षक दोनच असल्याचं सांगतात. अडचणी खऱ्या आहेत. पण छोट्या शाळांत वावरताना मला वारंवार दिसलं ते वेगळंच. शाळा मनातून स्वतःला मोठ्या शाळेची अपुरी नक्कल समजत असते, आणि जे तिला सहज जमलं असतं तेही मग ती करत नाही. या चुका शिक्षकांच्या हातून होतात, पालकांच्या आणि समितीच्या हातूनही होतात, म्हणून तिघांसाठी लिहितो आहे.

पाच इयत्तांचे पाच कप्पे

शिक्षक दोन आणि इयत्ता पाच. वेळापत्रक मात्र प्रत्येक इयत्तेचं वेगळं, प्रत्येक विषयाची वेगळी तासिका. हिशोब करून बघा. दिवसाचे शिकवण्याचे पाच तास धरले, तर दोन शिक्षकांचे मिळून दहा तास होतात. ते पाच इयत्तांत वाटले की एका इयत्तेच्या वाट्याला दोन तास येतात. उरलेले तीन तास मूल पाढे उतरवतं, धडा उतरवतं, नाहीतर खिडकीबाहेर बघतं. बाहेरून शाळा शांत आणि शिस्तीची वाटते. तुमच्या शाळेतल्या वह्या फळ्यावरून उतरवलेल्या मजकुराने भरल्या असतील आणि मुलांनी स्वतःच्या मनाने लिहिलेलं एक पानही सापडत नसेल, तर दुखणं इथे आहे असं समजा.

यावर उपाय म्हणजे विषय सगळ्यांना एक, पण त्यात किती खोलात जायचं ते प्रत्येक गटाचं वेगळं. मोजमाप घ्यायचं ठरलं तर सगळी शाळा एकाच वेळी मोजमाप करू शकते. सगळ्यात लहान मुलं वितीने बाक मोजतात. दोघांच्या विती वेगळ्या भरतात आणि भांडण होतं. पट्टी कशासाठी लागते हे त्या भांडणातून त्यांना कळतं. मधली मुलं पट्टीने मोजून लिहितात, मोठी खोलीचं क्षेत्रफळ काढतात, त्यांच्या पुढची प्रमाण धरून नकाशा काढतात. शिक्षक या गटाकडून त्या गटाकडे फिरतो. वाचनाला हे चालत नाही. तिथे इयत्ता बाजूला ठेवून वाचता किती येतं त्यावर गट पाडावे लागतात आणि दर पाच-सहा आठवड्यांनी ते मोडून नव्याने पाडावे लागतात. मोडायचं राहिलं की ‘मागचा गट’ कायमचा मागेच बसतो.

‘एकत्र बसवलं तर मुलं मागे पडतील’ ही भीती पालक बोलून दाखवतात. बहुवर्ग अध्यापनावरच्या, म्हणजे एकाच शिक्षकाने अनेक इयत्तांना एकत्र शिकवण्यावरच्या, अभ्यासांचा आढावा डच संशोधक सिमोन वेनमन यांनी १९९५ मध्ये घेतला. बहुवर्गातली मुलं आणि एका इयत्तेच्या वर्गातली मुलं यांच्या प्रगतीत सरासरीने फारसा फरक त्यांना आढळला नाही. म्हणजे एकत्र बसवल्याने आपोआप तोटा होत नाही आणि फायदाही होत नाही. बसवल्यावर काय करता त्यावर सगळं ठरतं. कोलंबियात १९७० च्या दशकाच्या मध्यावर व्हिकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण बहुवर्ग शाळांसाठी ‘एस्क्वेला नुएवा’ ही पद्धत उभी केली. तिचा कणा म्हणजे मूल स्वतः वाचून पुढे जाऊ शकेल अशा मार्गदर्शक पुस्तिका. शिक्षक दुसऱ्या गटाजवळ असला तरी या गटाचं काम थांबत नाही. छोट्या शाळेला पैसा कुठे घालावा असं कोणी विचारलं, तर मी आधी अशा साहित्यावर घाला म्हणेन.

एक सावधगिरी मात्र हवी. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवावं ही कल्पना चांगली आणि जुनी आहे. अँड्र्यू बेल या स्कॉटिश शिक्षणतज्ज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात ती राबवली, १७९७ मध्ये लंडनला तिचा वृत्तांत छापला, आणि पुढे एका शिक्षकाच्या हाती शेकडो मुलं देऊन ती चालवली गेली. तिथे तिचं घोकंपट्टीत रूपांतर झालं. मोठ्या मुलीला रोज दोन तास धाकट्यांची ‘बाई’ करून बसवलं, तर तिचं स्वतःचं शिकणं कोण बघणार? दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरे. तीही आलटून पालटून.

‘तो तसाच आहे’

माझ्या मते सगळ्यात जास्त इजा करणारी चूक ही आहे, आणि तिच्याकडे कोणी चूक म्हणून बघतही नाही.

लहान वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. हे छोट्या शाळेचं बळ असल्याचं आपण कौतुकाने सांगतो, आणि ते खरंही आहे. पण सहाव्या वर्षी एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हटलं गेलं, की पुढची चार-पाच वर्षं तेच शिक्षक, तेच सवंगडी, तीच घरं. मोठ्या शाळेत वर्ग बदलतो, शिक्षक बदलतात, मुलाला कोऱ्या पाटीवर सुरुवात मिळते. इथे पाटी पुसायला कोणी येत नाही. थोरल्या भावाने मस्ती केली म्हणून धाकट्याकडे पहिल्याच दिवशी संशयाने पाहिलं जातं. दोन घरांचं जुनं वैर असेल तर त्यांची मुलं एका बाकावर बसत नाहीत आणि शिक्षकही ते मुकाट मान्य करतात. हुशार ठरवलेल्या मुलीचीही सुटका नाही. तिने चुकायचंच नसतं, त्यामुळे अवघड गणिताला ती हातच लावत नाही.

शिक्षकांसाठी एक साधी सवय सुचवतो. मुलाच्या नोंदीत विशेषण लिहायचं नाही, जे पाहिलं ते लिहायचं. ‘गणितात कच्चा’ असं लिहिलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. ‘हातच्याची वजाबाकी करताना मधे शून्य आलं की अडतो’ असं लिहिलं की उद्या काय शिकवायचं ते कळतं. आळशी, दुर्लक्ष करणारा, सांगितलेलं न ऐकणारा असा शिक्का मारायच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणारं मूल स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटत असतं. जागा महिन्याला बदला, जोड्या बदला. वर्षातून दोनदा शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांना बोलवा आणि त्यांना आधी काहीही न सांगता मुलांशी बोलू द्या. जे मूल तुमच्यासमोर गप्प असतं ते त्यांच्याशी भडाभडा बोलेल, आणि मग तुम्हालाच प्रश्न पडेल.

पालकांनी एवढं करावं: दुसऱ्याच्या मुलाबद्दल घरात जे बोलतो ते उद्या शाळेत पोचणार, हे धरून बोलावं.

टक्केवारीवर शाळा जोखणं

परीक्षेला आठ मुलं बसली. गेल्या वर्षी सगळी पास झाली, निकाल १०० टक्के. यंदा एक आजारी पडला, एकाच्या घरी अडचण होती. निकाल ७५ टक्के. लगेच सभा, लगेच आरोप. आठ मुलांत एक मूल म्हणजे साडेबारा टक्के, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्मे वाद मिटतील.

संख्याशास्त्राचा हा साधा नियम मोठमोठ्यांच्याही नजरेतून निसटतो. अमेरिकेत उत्तम निकालाच्या शाळांच्या यादीत छोट्या शाळा जास्त दिसल्या, आणि गेट्स प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी शाळा छोट्या करण्यावर प्रचंड पैसा ओतला. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की सर्वांत वाईट निकालाच्या यादीतही छोट्या शाळाच जास्त असतात. मुलं कमी असली की सरासरी दोन्ही टोकांना हेलकावते, त्यात शाळेचा गुण नाही आणि दोषही नाही. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून शिक्षकाला डोक्यावर घेऊ नका आणि पायदळीही तुडवू नका. तीन-चार वर्षांचं मिळून बघा. त्याहून बरं म्हणजे एकेक मूल जूनमध्ये कुठे होतं आणि मार्चमध्ये कुठे पोचलं ते बघा. तीस मुलांचं हे काम एका वहीत मावतं. तीनशे मुलांच्या शाळेला ते इतक्या सहज जमत नाही.

याच्याच जोडीची आणखी एक गल्लत आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला. १३ ते १७ मुलांच्या वर्गातली मुलं २२ ते २५ मुलांच्या वर्गांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे गेली. हा दाखला देऊन ‘आमच्याकडे मुलं कमी, म्हणजे शिक्षण चांगलंच’ असं म्हणता येत नाही. ते वर्ग एका इयत्तेचे होते. पाच इयत्तांची मिळून पंधरा मुलं हा वेगळा प्रकार आहे.

दरवेळी तीच दोन मुलं

पाहुणे आले की भाषण तीच मुलगी करते, नाटकात राजा तोच, संघाचा नायकही तोच. इथे शाळा हातची संधी घालवते. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९६४ मध्ये निष्कर्ष मांडले. मोठ्या शाळेत उपक्रमांची संख्या जास्त होती, पण छोट्या शाळेतल्या मुलामागे सहभाग जास्त होता आणि जबाबदारीची कामंही त्याच्याकडे जास्त येत होती. कारण उघड आहे. बावीसच मुलं असली तर नाटकाला सगळीच लागतात. एरवी मागे राहिलेला मुलगा नसेल तर पडदा कोण ओढणार? आपल्यावाचून काम अडतं ही जाणीव मुलाला अभ्यासातही उभं करते. तेव्हा कामांची यादी भिंतीवर लावा आणि ती फिरती ठेवा. बोलताना अडखळणाऱ्या मुलाची पाळी आली की ती गुपचूप दुसऱ्याला देऊ नका. आधी चार दिवस त्याची तयारी करून घ्या.

सगळं एकाच माणसावर

उत्साही शिक्षक आले की शाळा फुलते, त्यांची बदली झाली की दोन वर्षांत ओस पडते. दोष जाणाऱ्याचा नसतो. कोणत्या मुलाला काय येतं, कोणतं साहित्य कुठे आहे, कोणत्या पालकाशी कसं बोलावं लागतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं. एक जाडजूड वही ठेवा. येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात ती वाचायला द्या. शिक्षकाचं एकटेपणही मनावर घ्या. ज्याच्याशी शिकवण्याबद्दल बोलावं असं दुसरं माणूस जवळपास नसलं की चांगला शिक्षकही हळूहळू थकतो. महिन्यातून एक दुपार शेजारच्या शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसावं. समितीने त्याला ‘शाळा बुडवून गप्पा’ म्हणू नये.

इमारत, रंगरंगोटी, संगणक यांबद्दल थोडक्यात सांगतो: वापरात नसलेली वस्तू शाळेत नसल्यासारखीच. कपाटात कुलूपबंद पुस्तकं तर नकोतच. ती दोरीवर टांगा. फाटली तर फाटू द्या.

मूल दूरच्या शाळेत घालण्याआधी

दोन घरांनी मुलं काढली की तिसरं घर डळमळतं, पट घटतो, शिक्षक कमी होतो, आणि मग उरलेल्यांनाही काढावीशी वाटतात. कोणालाही मूल इथेच ठेवा अशी सक्ती करता येत नाही, करूही नये. पण निर्णय ऐकीव गोष्टींवर घेऊ नका. आधी शिक्षकांना विचारून एक अख्खी सकाळ शाळेत मागे बसा. मुलं शिक्षकाला प्रश्न विचारतात का, चुकल्यावर काय होतं, सगळ्यात गप्प मुलाकडे कोणी वळतं का, ते बघा. घरी मुलासमोर न पाहिलेलं पान ठेवा आणि वाचून झाल्यावर काय कळलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. नव्या शाळेचा गणवेश पाहण्याआधी तिथेही हेच करा, आणि जायला-यायला लागणारा वेळ मुलाच्या झोपेतून जातो की खेळातून, तेही मोजा.

शेवटच्या वर्षाची चूक राहिली. सहा जणांच्या इयत्तेतून निघून मूल एकदम साठ जणांच्या वर्गात जाऊन बसतं. तिथे त्याचं नावही कोणाला माहीत नसतं, आणि बोट वर केलं तरी दिसत नाही. पहिल्या चाचणीत ते घसरतं आणि खापर जुन्या शाळेवर फुटतं. निघण्याआधीच्या सहा महिन्यांत त्या शाळेत दोन-तीनदा घेऊन जा, तिथल्या वर्गात बसू द्या, ठरलेल्या वेळात पेपर सोडवायची सवय लावा. मग शाळा सुरू होऊन दोन महिने झाले की गेलेल्या मुलांना एका सुट्टीच्या दिवशी परत बोलवा आणि तिथे काय जड जातंय ते विचारा. ती जे सांगतील ते त्याच जाड वहीत लिहून ठेवा.