नवा चक नाचतोय? बॅक प्लेटच्या या चुका टाळा

लेथवर नवा चक (काम पकडणारा जबडा) चढवला, तो सरळ फिरतो का बघायला डायल लावली आणि तिचा काटा नाचायला लागला की पहिली शिवी चक बनवणाऱ्याला पडते. बहुतेक वेळा दोष मागच्या प्लेटचा, म्हणजे चकाला लेथच्या फिरत्या स्पिंडलशी जोडणाऱ्या बॅक प्लेटचा असतो, आणि ती आपणच केलेली असते.

आट्यांपासून सुरुवात करू, कारण प्लेट भंगारात जाते ती इथेच. जुन्या लेथच्या स्पिंडलवर इंचाचे आटे असू शकतात. इंचाला 4 आटे म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 6.35 मिमी. कॅलिपर धरून ‘साधारण 6 मिमी’ म्हणणाऱ्याची प्लेट दोन-तीन फेऱ्यांत अडकते. पिच गेज लावा. त्याहून चांगलं म्हणजे स्पिंडलच्या नाकाची हुबेहूब नक्कल आधी करून ठेवा; प्लेट कापायला दुसऱ्या चकात धरलेली असताना तीच फिरवून बघता येते.

आटे घट्ट केले की प्लेट सेंटरला बसेल, हा गैरसमज मीही बरीच वर्षं बाळगला. आटे फक्त ओढतात. सेंटर धरतो तो स्पिंडलवर आट्यांमागचा साधा गोल भाग आणि त्यामागची पायरी, म्हणजे खांदा. म्हणून आटे जरा सैलच ठेवा, पण प्लेटची मागची बाजू खांद्याला पूर्ण टेकली पाहिजे. निळी शाई लावून बघा; डाग एकाच बाजूला उमटला तर पुढचं काम थांबवा.

प्लेट बिडाचीच घ्या. ओतकामाची वरची साल कडक असते, तिच्यावरून टूल घासत नेलं की धार संपली. पहिला कट सालीखाली जाईल इतका खोल द्या. 200 मिमीच्या प्लेटला हायस्पीड स्टीलचं टूल असेल तर मिनिटाला 30-35 फेरेच ठेवा. बेडवर कापड टाका, बिडाची काळी भुकटी स्लाइड खाते.

मागची बाजू झाली की पुढची बाजू दुसऱ्या लेथवर करायची नाही. प्लेट ज्या स्पिंडलवर राहणार, त्याच्यावरच चढवून कापायची.

आता माझी फजिती. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतली शेड, मे महिना, वर पत्रा. चकाची खाच ज्यावर बसते तो प्लेटवरचा 160 मिमीचा गोल कापला, गरम असतानाच मापला, चक हलकेच ठोकून बसला, मी खूश. सकाळी पोरगा म्हणतो, “भाऊ, हा तं हलून राहिला.” बीड मीटरला अंशामागे साधारण 11 मायक्रॉन फुगतं. 160 मिमीला 20 अंशांचा फरक पडला की 0.035 मिमी गेले, म्हणजे सगळी फिटिंगच गेली. आता शेवटचा अर्धा-एक दशांश मिमी ठेवून मी प्लेट थंड होऊ देतो. चहा पिऊन यावं, दोन प्यावेत.

त्याच गोलाची उंची चकाच्या खाचेच्या खोलीपेक्षा थोडी कमी हवी. जास्त झाली तर चक बाहेरच्या फेसवर टेकतच नाही, बोल्ट कितीही आवळा. खाचेच्या कोपऱ्यात टोक अडकू नये म्हणून कडही मोडा. बोल्टची भोकं मिलीभर मोठी पाडा, नाहीतर बोल्टच चकाला बाजूला ओढतात.

आट्यांवर बसणारा चक मोटर चालू करून कधीच चढवू नका, हातानेच फिरवा. आणि जोरात उलटं फिरवून कटिंग करायचं असेल तर आधी लॉक आहे का बघा. अवजड चक सुटून बेडवर पडतो तेव्हा बोटं कुठे आहेत हे तो विचारत नाही.