बायपॅपच्या मास्कने नाकावर जखम होऊ नये म्हणून

बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र. मास्क लावण्याआधी चेहरा पुसून कोरडा करा, मापपट्टी लावून मास्कचा साइझ ठरवा. रुग्ण शुद्धीत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर कवळी तोंडातच राहू द्या, गाल आत गेले की मास्क नीट बसत नाही.

मास्क चढवण्याआधीच नाकाच्या हाडावर पातळ हायड्रोकोलॉइड (जेलसारखं, कातडीला चिकटणारं) किंवा फोमचं ड्रेसिंग लावा. लाल झाल्यावर लावू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तिथे कातडीखाली चरबी नसल्यातच जमा, त्यामुळे सगळा दाब थेट हाडावर येतो. कापूस किंवा गॉझच्या घड्या कोंबू नका, घडीची कड रुतते आणि हवाही निसटते. व्हॅसलीन तर नकोच. त्यावर ड्रेसिंग चिकटत नाही, मास्क घसरतो, शिवाय ऑक्सिजनजवळ पेट्रोलियमचा पदार्थ ठेवायचाच नसतो.

आता पट्टे. बहुतेक जखमा ते आवळल्यानेच होतात.

मी नवीन होते तेव्हा रात्रपाळीला सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, एका आजी होत्या. लीकचा, म्हणजे मास्कमधून हवा निसटल्याचा, अलार्म सारखा वाजत होता आणि प्रत्येक वेळी मी पट्टा थोडा आवळत गेले. आजींनी दोनदा नाकाकडे बोट नेलं. त्या मास्क ओढतायत असं समजून मी त्यांचा हात खाली ठेवला. सकाळी मास्क काढला तर नाकावर नखाएवढा जांभळा डाग होता. दोन दिवसांत तिथली कातडी गेली. आजही रुग्ण नाकाकडे बोट नेताना दिसला की मी आधी मास्क उचलून बघते.

आवळल्याने लीक का थांबत नाही, हे मला फार उशिरा कळलं. मास्कच्या कडेला सिलिकॉनची दुहेरी झालर असते. यंत्राची हवा या झालरीत भरते, ती फुगते आणि चेहऱ्याला हलकी टेकते. पट्टा ओढला की झालर चेपते, सुरकुतते आणि त्या सुरकुतीतून हवा जास्तच निसटते. म्हणून लीक झाली की पट्टे आधी सैल करा. यंत्र चालू असतानाच मास्क चेहऱ्यापासून जरासा उचला, झालर फुगू द्या, मग परत टेकवा. खालचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे लावा, वरचे शेवटी. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आणि हे सगळं रुग्ण ज्या स्थितीत झोपणार आहे त्याच स्थितीत करा. रुग्णाला उठवून बसवून लावलेला मास्क त्याला आडवं केल्यावर सरकतो.

थोडी लीक राहिली तर राहू द्या, यंत्र ती भरून काढतं. डोळ्यांकडे जाणारी हवा मात्र थांबवलीच पाहिजे, डोळे कोरडे पडून लाल होतात. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) मास्कच्या कडेखालून जात असेल तर तिथेही लीक होते आणि नळी गालात रुतते. नळीसाठी खाच असलेला मास्क मागा.

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दर दोन ते चार तासांनी मास्क काही मिनिटं काढा, सॅच्युरेशनवर (रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणावर) नजर ठेवून. नातेवाइकांनी स्वतःहून काढू नये, सिस्टरला बोलवावं. परवानगी नसेल तर निदान क्षणभर उचलून नाक पाहा. लाल जागेवर बोट दाबून सोडा. लाली फिकी होऊन परत आली तर दाब वेळेत सुटला. तशीच राहिली तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या रंगावर लाली सहज दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते बघा.

इजा दिसली तर ती जागा चोळू नका. डॉक्टरांना सांगून मास्कचा प्रकार बदला. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क कपाळ आणि हनुवटीवर टेकतो, त्यामुळे नाक मोकळं राहतं. जुनं ड्रेसिंग कधी ओरबाडून काढू नका. सलाईनने कड भिजवा, एका हाताने कातडी धरा आणि हळूहळू सोडवा.