गरवायला जाताय? मग या चुका टाळा, तुमची तंगूस पाण्यात राहता कामा नये

दरवर्षी पावसाळा संपला की धरणांवर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, नवीन पोरांची गर्दी होते आणि दरवर्षी त्याच चुका बघतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. गरवण्यात जे काही तुटतं ते पाण्यातच राहतं. त्यामुळे टिकाऊ सामान घेणं आणि ते नीट ठेवणं हा फक्त तुमच्या खिशाचा प्रश्न नाहीये.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. ऑनलाइन तो कॉम्बो सेट येतो ना, रॉड, रील, तंगूस आणि डबाभर रबरी मासे, त्यातली तंगूस गोदामात किती वर्षं पडून होती कुणालाच माहीत नसतं. नायलॉन उन्हाने कमजोर होतं, दुकानाच्या काचेत टांगलेलं रीळ तर अजिबात घेऊ नका. पोरं ती तशीच वापरतात, गरी (गळाचा हूक) कुठेतरी अडकते, मग रॉड वाकवून वाकवून हिसके देतात आणि दोरी तुटते ती गरीपाशी नाही तर पार वर, रॉडच्या टोकाशी, म्हणजे अख्खी लांबी पाण्यात.

भाटघरच्या बॅकवॉटरला मे महिन्यात जाऊन बघा. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खुंटं उघडी पडतात आणि प्रत्येकाला तंगूस गुंडाळलेली. अशाच एका खुंटावर मला बगळा सापडला होता, पंखात आणि पायात दोरी, उलटा लटकलेला आणि जिवंत. जवळच गरवायला आलेली पोरं होती, त्यातला एक दोरी ओढून सोडवायला धावला. ओढायची नाही, पाय कापला जातो! आधी चोच धरायची कारण बगळा थेट डोळ्यावर मारतो, मग डोक्यावर कापड टाकायचं, मग छोट्या कात्रीने एकेक फेरा कापायचा. बराच वेळ गेला. पायाला दोरी हाडापर्यंत रुतली होती म्हणून वनविभागाच्या हेल्पलाइनला, १९२६ ला फोन लावला आणि त्यांची माणसं येऊन पक्षी घेऊन गेली. तो नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि फक्त पक्ष्यांचंच नाही. धरणांवर मच्छीमार सोसायट्यांची जाळी असतात, तळाला राहिलेल्या गऱ्या त्या जाळ्यात येतात आणि जाळं ओढणाऱ्याच्या तळहातात घुसतात. आपण सुट्टीच्या दिवशी मजेला जातो, त्यांचं पोट आहे त्यावर.

मी काय करतो सांगतो. दर पावसाळ्यानंतर पुढची साधारण ५० मीटर तंगूस बदलतो, मागची स्पूलवर तशीच राहते, ती उन्हात जातच नाही. दोरी बुडवायचं वजन लावायला मेन दोरीपेक्षा हलक्या, लवकर तुटणाऱ्या दोरीचा तुकडा वापरतो, म्हणजे दगडात अडकलं तर तेवढंच तुटतं, गरी आणि बाकी दोरी परत येते. अडकल्यावर रॉड सरळ दोरीच्या रेषेत धरायचा, दोरी एखाद्या वेगळ्या काठीला गुंडाळायची (हाताला कधीच नाही, ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी असेल तर बोट जाईल) आणि चालत मागे सरकायचं. तुटलेले तुकडे बाटलीत भरून घरी आणतो, बारीक कापतो आणि मगच कचऱ्यात.

वजनाला शिसंही खरं तर सोडाच. इंग्लंडमध्ये १९८७ पासून शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी आहे कारण हंस ती खडे समजून गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. गॅरेजमध्ये जुने लोखंडी नट मागा, मी तेच वापरतो, राहिलंच पाण्यात तर गंजून संपतं.

दुसरी चूक खाडीवाल्यांची. जिताडा नाहीतर तांबोशी माशाच्या मागे दिवसभर खाऱ्या पाण्यात आणि घरी आल्यावर रील तसंच कोपऱ्यात. किंवा त्याहून वाईट, गाडी धुवायच्या जेट पंपाने धुतात! जेटने मीठ बाहेर येत नाही, बेअरिंगच्या आत जातं. ड्रॅग (ओढ बसली की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) घट्ट करा, नळाच्या हलक्या धारेखाली फिरवा, पुसा, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतले वॉशर दबून बसतात. गंज काढायचा स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे, त्याने आतलं ग्रीस पातळ होऊन निघून जातं. जाम झालेला ड्रॅग मोठ्या माशाला दोरी सोडत नाही, दोरी तुटते आणि मासा तोंडात गरी, मागे लांबलचक तंगूस घेऊन फिरतो. व्हिडिओ बघून महिन्याभरात महागडं रील घेणाऱ्यांना हे पाच मिनिटांचं काम जड जातं, याचा मला खरंच राग येतो.

बाकीच्या पटापट:

गाठ ओली न करता आवळू नका, थुंकी लावा, कोरडी गाठ घासून जळते.

रॉडच्या रिंगमधून कापूस फिरवा, धागा अडकला की रिंगला चीर आहे, तीच तुमची दोरी कापतेय.

उरलेला जिवंत चारा किंवा घरच्या टाकीतला सकर मासा धरणात सोडायचा नाही. आफ्रिकन (थाई) मांगूर तर मुळीच नाही, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे ती उगाच नाही.

महाडजवळच्या वाळण कोंडीसारख्या देवाच्या डोहात गळ टाकायचाच नाही, "पकडून सोडतो" म्हणूनसुद्धा नाही.

स्टेनलेसच्या गऱ्या गंजत नाहीत म्हणून लोक घेतात. माशाच्या तोंडात राहिली तर तीही गंजत नाही. साधी गरी घ्या, टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, मासाही पटकन सुटतो आणि स्वतःच्या बोटात घुसली तर तीही.