ओला, सुका आणि तिसरा डबा

ओला-सुका कचरा आता बहुतेक घरांत वेगळा होतो. अडतं ते तिसऱ्या प्रकारापाशी: वापरलेले पॅड, डायपर, फुटलेली काच, ब्लेड, इन्सुलिनच्या सुया, सेल, मुदत संपलेली औषधं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही घरातला घातक कचरा वेगळा द्यायला सांगितलं होतं. तो सुक्यात टाकू नका, कारण सुका कचरा पुढे कुणीतरी हातानेच निवडतं. पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई दारोदार फिरून हे काम करतात. पिशवीतली एक उघडी सुई हातात टोचली तर त्यांना कायमचं आजारी करू शकते.

पॅड-डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि त्यावर लाल पेनाने ठळक ठिपका काढा, म्हणजे पुडी उघडावी लागत नाही. काच जाड पुठ्ठ्यात बांधून वर 'काच' असं मराठीत लिहा. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण चिकटपट्टीने बंद करा. सेल आणि जुने चार्जर ई-कचरा संकलनातच द्या.

ओल्याचं खत घरीच केलं तर उत्तम. जमत नसेल, तर निदान तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नका. डेपोच्या ढिगाखाली हवा न मिळाल्याने ओला कचरा सडून मिथेन तयार होतो, आणि उन्हाळ्यात डेपो पेटतात त्यामागे हा वायूही असतो. दुधाची पिशवी मात्र विसळून, वाळवूनच सुक्यात टाका. खरकटी असेल तर भंगारवालाही घेत नाही.